‘पायाळू’ हे नशीब नाही, कार्डावरचा कोरा रकाना आहे

मागच्या पावसाळ्यात, रोवणी ऐन भरात असताना, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका वस्तीत बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक झालीच नाही. चार दिवसांपूर्वी गटातल्या एका ताईचं बाळ गेलं होतं. दुसरं बाळंतपण. रात्री कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, आणि सगळ्यात आधी बाहेर आला तो बाळाचा पाय. गाडी मिळेपर्यंत, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पाठवेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं. ताई तेवढी वाचली.

ओसरीवर बसलेल्या आजी मला म्हणाल्या, "पायाळू होता जी तो. पायाळू पोर असं सुखासुखी हाती येते का? पोटात असताना हिनं गिरान पाहलं होतं." शेजारची बाई म्हणाली, "मागल्या जन्माचं काही देणं असन, फेडून गेला." ताई आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने हे सगळं ऐकलं. त्याच भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या. घर आपलंच होतं.

मी तिचं माता बाल संरक्षण कार्ड मागून घेतलं. वजन लिहिलेलं होतं. रक्तदाब लिहिलेला होता. धनुर्वाताच्या इंजेक्शनांच्या तारखा होत्या, लोहाच्या गोळ्यांची नोंद होती. पोटाच्या तपासणीत गर्भाची स्थिती लिहायचा एक रकाना असतो. तो सातव्या महिन्यात कोरा होता, आठव्यात कोरा होता, नवव्यातही कोरा होता.

तो भरला असता तर बाळ वाचलंच असतं असं मी म्हणणार नाही. पण बाळाचे पाय खाली आहेत हे निदान दोन-तीन आठवडे आधी कळलं असतं. मग रात्री गाडी शोधावी लागली नसती. घरच्यांनी बाळाचा मागचा जन्म शोधला, आईचा दोष शोधला, आकाशातलं ग्रहण शोधलं. हातातलं कार्ड कुणी उघडून पाहिलं नाही. आज मला याच विषयावर बोलायचं आहे.

पोटात नेमकं काय होतं?

आधी विज्ञान समजून घेऊ. कारण हे आपल्याला कुणी नीट सांगत नाही. शाळेत ‘प्रजनन’ हा धडा मास्तर वगळतात आणि घरात हा विषय फक्त बायकांचा असतो.

पहिले पाच-सहा महिने बाळ पोटातल्या पाण्यात मोकळं तरंगतं. जागा भरपूर असते. सकाळी डोकं वर, दुपारी आडवं, रात्री डोकं खाली, असं ते दिवसातून कितीदा तरी फिरतं. या काळात सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ब्रीच’ म्हणजे डोकं वर आणि ढुंगण किंवा पाय खाली असं लिहून आलं, तर त्याचा अर्थ एवढाच की फोटो काढला त्या क्षणी बाळ तसं होतं.

सातवा महिना लागला की, म्हणजे साधारण २८ आठवड्यांना, शंभरातल्या वीस ते पंचवीस बाळांचं डोकं अजून वरच असतं. मग बाळ वाढतं, पाण्याच्या मानाने जागा कमी पडते. गर्भपिशवीचा आकार उलट्या टांगलेल्या नासपतीसारखा असतो, वरचा भाग रुंद आणि खालचा निमुळता. बाळाचं ढुंगण आणि दुमडलेले पाय मिळून होणारा भाग डोक्यापेक्षा जास्त जागा घेतो. तो रुंद भागात वर बसतो, डोकं निमुळत्या भागात खाली येतं. पाय हलवायलाही वरच मोकळीक असते. म्हणून बहुतेक बाळं आपोआप फिरतात. दिवस भरेपर्यंत डोकं वर असलेली बाळं शंभरात तीन-चारच उरतात. अगदी आडवं राहिलेलं बाळ तर साधारण तीनशे-चारशेत एखादं.

मग ही तीन-चार का फिरत नाहीत? कधी दिवस भरायच्या आतच कळा येतात, बाळाला फिरायला वेळच मिळत नाही. कधी जुळं असतं. कधी पाणी फार कमी किंवा फार जास्त असतं. कधी वार गर्भपिशवीच्या तोंडाशी बसलेली असते. कधी पिशवीत गाठ असते किंवा पिशवीचा आकारच जन्मापासून वेगळा असतो. बरीच बाळंतपणं झालेल्या बाईच्या पोटाचे स्नायू सैल पडलेले असतात, तेव्हाही बाळ आडवं-तिडवं राहू शकतं. काही वेळा बाळाच्याच वाढीत दोष असतो. आणि कितीतरी वेळा डॉक्टरांनाही काहीच कारण सापडत नाही.

या यादीत ग्रहण नाही. मागचा जन्म नाही. आईने साप मारला, उंबरा ओलांडला, कुणाची हाय घेतली, यातलं काहीही नाही. चिखलात वाकून रोवणी केली म्हणून बाळ उलटं झालं, हेही नाही. रोवणीच्या कष्टाने, अपुऱ्या जेवणाने आणि रक्त कमी असल्याने आईची आणि बाळाची हानी होते, ती वेगळी आणि खरी गोष्ट आहे. तिच्याकडे पुढे येतेच.

धोका कुठे आहे तेही नीट समजून घ्या. बाळाच्या शरीराचा सगळ्यात मोठा आणि टणक भाग म्हणजे डोकं. ते आधी आलं की वाट तयार होते, बाकीचं अंग सहज निघतं. पाय किंवा ढुंगण आधी आलं तर अंग बाहेर येतं आणि डोकं मागे अडकू शकतं. पाय खाली असताना पाणी गेलं तर मोकळ्या जागेतून नाळ घसरून बाहेर येते, ती दाबली गेली की बाळाचा प्राणवायू काही मिनिटांत तुटतो. आणि पूर्ण दिवसांचं आडवं बाळ तर खालून जन्मूच शकत नाही. ते तसंच अडून राहिलं तर गर्भपिशवी फाटते, आणि आईच जाते.

म्हणजे नवव्या महिन्यात बाळ कसं आहे ही माहिती म्हणजे कुतूहल नाही. बाई कुठे बाळंत होणार, गावाजवळच्या उपकेंद्रात की ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयात, हे त्या एका माहितीवर ठरतं.

पायाळूची पाटी

मराठीत पायाकडून जन्मलेल्या माणसाला ‘पायाळू’ म्हणतात. शब्द म्हणून त्यात वाईट काही नाही. पण या शब्दाला आपल्या समाजाने काय काय चिकटवलं ते पाहा. पायाळूवर वीज पडते. पायाळूने कंबरेवर पाय फिरवला की उसण जाते. पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं. पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला गुप्तधन दिसतं.

उसण घालवण्यापर्यंत हे सगळं गमतीचं वाटतं. माझ्या ओळखीच्या एका घरातला पाच वर्षांचा पोरगा रविवारी सकाळी म्हाताऱ्यांच्या कंबरांवर पाय देत फिरतो, लोक त्याला चॉकलेट देतात. त्याच्या आईला नवव्या महिन्यात नर्सबाईंनी पोट तपासून वेळेत मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं, ठरवून सिझर झालं, दोघं सुखरूप घरी आले. म्हणजे तो खालून जन्मलाच नाही. तरी वस्तीत तो ‘पायाळू’ आहे. श्रेय मिळालं त्याच्या पायाला. नर्सबाईंचं नावही आज कुणाला आठवत नाही.

पण गुप्तधनापाशी गंमत संपते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यावरच सरकारला अध्यादेश काढायची जाग आली. त्या कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधन आणि जलस्रोत शोधण्याच्या नावाखाली होणारी अमानुष कृत्यं आणि नरबळी हे गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. गुप्तधन आणि पाणी! नेमक्या त्याच दोन गोष्टी, ज्या पायाळूला ‘दिसतात’ असं आपण हसत हसत पोरांना सांगतो. गुप्तधनाच्या नादी लागलेला मांत्रिक पायाळू माणूस शोधतो, तो याच समजुतीच्या बळावर. पोराच्या जन्माच्या वेळच्या स्थितीवरून त्याच्यावर आयुष्यभराची पाटी लावायची, ही सवय आपल्याला नवीन आहे का? जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगली. तिच्यातून बाहेर पडलेल्या समाजाने तरी तिचं हे छोटं पिल्लू घरात पाळू नये.

ग्रंथांनी गर्भात काय पाहिलं?

भागवत पुराणाच्या तिसऱ्या स्कंधात गर्भाचं वर्णन आहे. तिथे बाळ आईच्या पोटात मान आणि पाठ वाकवून, पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलेलं आहे. त्याला शेकडो जन्मांची कर्मं आठवतात, ते हात जोडून देवाची करुणा भाकतं, आणि मग डोकं खाली करून बाहेर ढकललं जातं. म्हणजे ज्या स्थितीला विज्ञान ‘जागेची सोय’ म्हणतं, तिला पुराण ‘शिक्षा भोगणाऱ्या जीवाची प्रार्थना’ म्हणतं. मराठीत दासबोधाच्या तिसऱ्या दशकाचा पहिला समास ‘जन्मदुःखनिरूपण’ नावाचाच आहे. तिथेही गर्भवास म्हणजे घाण, यातना आणि पापाचं फळ. ज्या पोटात सगळी माणसं वाढली, त्या बाईच्या पोटाला नरकासारखं रंगवायचं, आणि वर मातृदेवतेची आरती करायची!

आपल्याकडचंही सांगते, कारण चिकित्सा घरापासून सुरू करावी लागते. ललितविस्तरात बोधिसत्त्व आईच्या पोटात रत्नांच्या मंडपात मांडी घालून बसतो आणि उजव्या कुशीतून बाहेर येतो. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गातही गर्भवासाच्या दुःखाचं वर्णन आहे. ग्रंथ बौद्ध आहे म्हणून त्यातलं शरीरशास्त्र खरं होत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ लिहिताना काय केलं ते पाहा. लुंबिनीच्या वनात महामाया सालवृक्षाची फांदी धरून उभी असताना बाळंत झाली, एवढंच साधं त्यांनी ठेवलं. कूस फाडून जन्म नाही, रत्नांचा मंडप नाही. एक गरोदर बाई माहेरी निघाली होती आणि वाटेतच तिला कळा आल्या. आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट आजही घडते.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. या देशात गर्भाकडे शरीर म्हणून पाहणारेही होते. सुश्रुतसंहितेत अडलेल्या गर्भाचे, म्हणजे मूढगर्भाचे, प्रकार दिले आहेत. त्यातल्या दाराच्या अडसरासारखं आडव्या पडलेल्या गर्भाला ‘परिघ’ म्हटलं आहे. त्याची कारणमीमांसा आज टिकत नाही, पण तो वैद्य पोट चाचपत होता, काय अडलं ते पाहत होता. प्रश्न असा आहे की ही नजर घराघरात का पोहोचली नाही आणि पुराणातला हात जोडलेला जीव मात्र का पोहोचला?

हात कुणाचा, विटाळ कुणाला?

याचं उत्तर जातीत आहे. पोटावर हात ठेवून ‘डोकं वर हाये’ हे सांगणारी दाई बहुतेक गावांत दलित, आदिवासी किंवा अशाच कष्टकरी जातीतली बाई होती. तिला बाळंतिणीच्या खोलीत प्रवेश होता, कारण ती खोली विटाळाची मानली होती. नाळ कापणं हे विटाळाचं काम, म्हणून ते तिच्या वाट्याला. ज्याने कधी कुणाच्या पोटाला हात लावला नाही तो गर्भावर प्रवचन देत होता, आणि जिच्या हाताला बाळाचं डोकं, पाठ, गुडघा कळत होता तिला अक्षर शिकायची बंदी होती. ज्ञान हातात, प्रतिष्ठा पोथीत! ही फाळणी झाल्यावर त्या हातांचं ज्ञान तपासलं गेलं नाही, सुधारलं गेलं नाही, लिहिलं गेलं नाही.

म्हणून मी दाईचं गुणगान करून थांबणार नाही. तेल लावून, पोट दाबून घरीच बाळ फिरवण्याचे प्रकार धोक्याचे आहेत. वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो, बाळाच्या नाळेला पीळ पडू शकतो. पोटावरून हाताने बाळ फिरवण्याची पद्धत आधुनिक वैद्यकातही आहे. ती ३६-३७ आठवड्यांना, सोनोग्राफीत पाहून, बाळाचे ठोके तपासत, शेजारी ऑपरेशन थिएटर तयार असताना, शिकलेला डॉक्टर करतो. साधारण निम्म्या वेळा ती यशस्वी होते. हात दोन्हीकडे हातच आहे. फरक आहे तो शिक्षणाचा आणि सोयीचा. आणि शिक्षण आणि सोय कुणाला मिळते, कुणाला नाही, हाच तर आपल्या चळवळीचा मूळ प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी बोट कुठे ठेवलं होतं?

कर्मसिद्धांतावर बाबासाहेबांनी केलेली चिकित्सा आपल्यातले किती जण वाचतात? त्यांचा मुद्दा गर्भाशीच येऊन भिडतो. मूल आईबापांकडून शरीराचा वारसा घेतं, हे विज्ञान सांगतं. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत मात्र म्हणतो की मूल स्वतःचंच मागचं गाठोडं घेऊन बाहेरून पोटात शिरतं. बाबासाहेब विचारतात की असा सिद्धांत कशासाठी रचला असेल? त्यांचं उत्तर स्पष्ट आहे: गरीब आणि खालच्या मानलेल्या माणसांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी म्हणून.

आता हे वाक्य त्या ओसरीवर नेऊन ठेवा. ‘मागल्या जन्माचं देणं होतं, फेडून गेला.’ हे म्हटल्याबरोबर कोण सुटलं? रकाना कोरा ठेवणारी यंत्रणा सुटली. रिकाम्या जागा न भरणारं सरकार सुटलं. रात्री गाडी न मिळणारा रस्ता सुटला. नवव्या महिन्यात तिला चिखलात उभं करणारं घर सुटलं. अडकली एकटी ताई.

हे बाबासाहेबांनी नुसतं लिहिलं नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी भूमिका घेतली होती की प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. मजूरमंत्री असताना खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाचा कायदा सुधारण्यासाठी त्यांनीच विधेयक मांडलं. आज जवळजवळ शंभर वर्षांनी आपल्या जिल्ह्यात धानाच्या बांधीत रोजीवर जाणाऱ्या बाईला कुठली प्रसूती रजा आहे? ती तपासणीला गेली की त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून ती जात नाही. म्हणूनही तो रकाना कोरा राहतो.

काही आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा: ‘हा बायकांचा विषय आहे, यात राजकारण काय?’ वर १९२८ चं सांगितलं, तेवढं पुरे. बाबासाहेबांना तो विधिमंडळाचा विषय वाटला, तुम्हाला तो चुलीजवळचा वाटतो, तर वाचन कुणाचं कमी पडलं ते तुम्हीच ठरवा.

दुसरा आक्षेप शहरातल्या शिकलेल्यांचा: ‘गावातल्या बायका अडाणी आहेत, अंधश्रद्धाळू आहेत.’ दादा, त्या ताईने सगळ्या गोळ्या खाल्ल्या होत्या, सगळी इंजेक्शनं घेतली होती, बोलावलं तेव्हा ती गेली होती. कोरा रकाना तिने ठेवला नव्हता. अंधश्रद्धा रिकाम्या जागेत वाढते. कुणी कारण सांगितलं नाही की माणूस कारण रचतो.

तिसरा आक्षेप उलट बाजूचा: ‘आता सगळ्यांचं सिझरच करा, म्हणजे झालं.’ नाही. २००० साली २६ देशांतल्या दोन हजारांहून जास्त बायकांवर झालेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्ण दिवसांचं बाळ ढुंगणाकडून असेल तर ठरवून केलेलं सिझर बाळासाठी जास्त सुरक्षित, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावर पुढे वादही झाले, आणि निष्णात हातांखाली अशी बाळंतपणं खालूनही होतात. पण तो प्रश्न दिवस भरतानाचा आहे. पाचव्या महिन्याच्या रिपोर्टवर ‘ब्रीच’ शब्द पाहून कुणी तुम्हाला सिझरचा खर्च सांगू लागला, तर घाबरू नका. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा. गरिबाला नशिबाने लुटणारा आणि भीतीने लुटणारा, दोघांचा धंदा त्याच्या अज्ञानावर चालतो.

मग करायचं काय?

भाषण पुष्कळ झालं. कामाचं बोलते. ही कामं पोरांनीही करायची आहेत, फक्त पोरींनी नाही.

एक. घरात, शेजारी कुणी गरोदर असेल तर तिचं कार्ड वाचा. ३६ आठवडे झाले, म्हणजे नववा लागला, की गर्भाच्या स्थितीचा रकाना भरलाच पाहिजे. नर्सबाईंना विनम्रपणे पण ठामपणे विचारा: ‘बाळाचं डोकं कुठे आहे?’ यासाठी मशीन लागत नाही. जर्मन डॉक्टर लिओपोल्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी पोट चाचपण्याची चार टप्प्यांची पद्धत प्रत्येक नर्सला शिकवलेली असते. वर टणक, गोल, हाताने हलणारा भाग लागला तर ते डोकं. मऊ आणि पसरट लागला तर ढुंगण. एका कडेला सपाट पाठ, दुसऱ्या कडेला हातापायांचे उंचवटे. डोकं खाली असेल तर ठोके सहसा बेंबीच्या खाली ऐकू येतात, वर असेल तर बेंबीच्या आसपास किंवा वर. पाच मिनिटांचं काम आहे.

दोन. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘प्रेझेंटेशन’ हा शब्द शोधा. त्यापुढे ‘सिफॅलिक’ असेल तर डोकं खाली, ‘ब्रीच’ असेल तर डोकं वर, ‘ट्रान्सव्हर्स’ असेल तर आडवं. बाळाचं लिंग सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. पण बाळाची स्थिती सांगायला कुठल्याही कायद्याने मनाई केलेली नाही. तो तिचा हक्क आहे.

तीन. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. आशाताईला विचारा, आपल्या वस्तीतून कोण जाणार आहे. गाडीची सोय युवक मंडळाने करावी. मिरवणुकीला आपण ट्रॅक्टर काढतो, तपासणीलाही काढता येतो.

चार. नवव्यात बाळ उलटं किंवा आडवं निघालं तर बाळंतपणाची जागा आधी ठरवा. ऑपरेशन आणि रक्ताची सोय कुठे आहे ते विचारून ठेवा. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेलं बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे. अर्जुनीकडच्यांना कधी दुसऱ्या जिल्ह्यातलं रुग्णालय जवळ पडतं. सालेकसा, देवरीकडच्या जंगलपट्टीतल्या बाईने दिवस भरायच्या आधीच रुग्णालयाजवळच्या नातेवाइकाकडे येऊन राहावं. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी हे सगळं २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. १०२ आणि १०८ हे नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजेत.

पाच. पाणी गेलं आणि पाय, हात किंवा नाळ दिसली, तर ओढायचं नाही. आत ढकलायचं नाही. बाईला चालवायचं नाही, कुशीवर झोपवून कंबरेखाली उशी द्यायची, आणि गाडी थेट ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणी न्यायची.

सहा. गावाच्या आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीत आणि ग्रामसभेत प्रश्न विचारा: उपकेंद्रात नर्सची जागा भरली आहे का? नवव्या महिन्यातल्या किती बायकांच्या कार्डावर तो रकाना भरला आहे? एका नर्सवर चार माणसांचं काम लादलं असेल तर तिच्याशी भांडू नका, तिच्यासाठी भांडा. आशाताई तर मोबदल्यावर राबते. तिचा लढा आपला आहे.

सात. ‘पायाळू’, ‘गिरान लागलं’, ‘मागच्या जन्माचं’ हे शब्द आपल्या घरात थांबवा. बावीस प्रतिज्ञा दरवर्षी घोकायच्या आणि बाळंतिणीच्या उशाखाली अंगारा ठेवायचा, हे दोन्ही एका घरात चालणार नाही.

बाबासाहेब हे भीमाबाईंचं चौदावं अपत्य. माता रमाईंनी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरं डोळ्यांदेखत गमावली. सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामाया गेली, असं परंपरा सांगते. आजच्या भाषेत बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आत त्या कारणाने बाई गेली तर तो मातामृत्यू धरतात, त्याची चौकशी होते, कारण लिहावं लागतं. आपला इतिहास अशा आयांनी भरलेला आहे. त्यांच्या वेळी कार्ड नव्हतं, रकाना नव्हता. आज तो आहे आणि आपण तो कोरा सोडतो.

त्या ताईला मी मागच्या महिन्यात पुन्हा भेटले. तिने मला एकच विचारलं, "ताई, मी गिरान पाहलं म्हणून नाही ना झालं?" मी तिच्याजवळ बसून तिला नासपतीसारख्या पिशवीचं, पाण्याचं, फिरणाऱ्या बाळाचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे मले तवाच कोणी सांगतलं असतं तर?"

तिचा हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते. आज संध्याकाळी आपल्या वस्तीतलं एक कार्ड उघडून पाहा.

जय भीम! नमो बुद्धाय!